आगाऊ भरलेले पैसे

पैसे आधी आणि माल नंतर, हा सौदा धारवाडकराला मानवत नाही. लाइन बाजारात पेढ्यासाठी तो मुकाट्याने रांगेत उभा राहील. पण पुढच्या महिन्याचे पैसे आत्ताच द्या म्हटलं, की ‘बघू की’ म्हणत चपला शोधायला लागेल. म्हणूनच कंपन्यांच्या ताळेबंदातला ‘पूर्वदत्त खर्च’ मला फार गमतीचा वाटतो. पैसे गेले, हातात काही नाही, आणि नोंद मात्र मालमत्तेत!

हिशेबाने ते बरोबरच आहे. 1 जानेवारीला वर्षाचा बारा हजारांचा विमा भरला, तर 31 मार्चपर्यंत तीन हजार खर्ची पडतात. उरलेले नऊ हजार म्हणजे नऊ महिन्यांचं संरक्षण, ते अजून आपलं येणं. आमच्या आईला हे कधीच पटलं नाही. ‘गेले ते गेले’ हे तिचं लेखामानक, आणि त्याला लेखापरीक्षक नव्हता.

मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांत पूर्वदत्त खर्चाच्या आकड्याला वेगळाच रंग चढतो. टीमलीज आणि क्वेस या दोन्ही बेंगळुरूच्या, दोन्ही 2016 साली शेअर बाजारात आल्या. या धंद्यात ना मालाचं गोदाम, ना कारखाना. असतात ती माणसं, तीही दुसऱ्याच्या दारात कामाला. आमच्या गल्लीतला एक मुलगा अशाच एका कंपनीच्या पेरोलवर आहे. काम धारवाडजवळच्या बेळूर औद्योगिक वसाहतीत, टोपी कारखान्याची, पगाराची स्लिप बेंगळुरूची. ‘तुझा मालक कोण रे?’ विचारलं, तर म्हणाला, ‘काका, सुपरवायझर.’

अशा कामगाराचा पगार 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, तिची वर्गणी दरमहा जाते. त्यावरच्यांसाठी कंपनी गटविमा घेते, आणि त्याचा हप्ता बहुधा वर्षाचा एकदम. हा विमा 1 ऑक्टोबरला नवा केला, तर मार्चअखेर अर्धा हप्ता शिल्लक दिसतो, सप्टेंबरअखेर शून्य. मुदत 1 एप्रिलपासून असेल आणि पैसे 30 मार्चला गेले, तर अख्खा हप्ता मालमत्तेत. 1 एप्रिललाच गेले, तर मार्चच्या ताळेबंदात त्याचा मागमूस नाही. आकडा घटला म्हणून कंपनी काटकसरी झाली नाही, की वाढला म्हणून उधळी झाली नाही. निकालांवर टीव्हीवर तावातावाने बोलणाऱ्यांना हे सांगायला हवं. पूर्वदत्त खर्चातली वाढ रोकडप्रवाहाच्या तक्त्यात कंसात, म्हणजे वजा होऊन येते: नफा जागच्या जागी, बँकेतली रोकड तेवढी कमी.

यात एक आगाऊ रक्कम मात्र कुठल्याच चर्चेत येत नाही. तो मुलगा आधी महिनाभर राबतो, मग त्याचा पगार होतो. म्हणजे पहिला महिना त्यानेच कंपनीला उधार दिलेला. कंपनीच्या पुस्तकात ते देण्यांत दिसतं. त्याला विचाराल, तर यात उधारी कसली, असं म्हणेल.

तुमच्या घरात असं कुणी पेरोलवर असेल, तर ईएसआयचं किंवा गटविम्याचं कार्ड आजच मागून घ्यायला सांगा. हप्ता भरलेला असतो, पण पोरांना तो आजारी पडल्यावर कळतो.