रोख्यांवर नजर कशी ठेवावी: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शन

हे मार्गदर्शन सॅन फ्रान्सिस्को शहरात राहणाऱ्या, कुठल्याही आजाराची तक्रार न करता तीन तास एका खुर्चीत बसू शकणाऱ्या नागरिकांसाठी आहे. फ्रिमाँट किंवा सनीवेलला राहून गावाकडे ‘आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला असतो’ म्हणून सांगणाऱ्यांनी ते निव्वळ करमणूक म्हणून वाचावं.

आधी विषय समजून घेऊ. हे शहर भूकंपाच्या तोंडाशी वसलेलं आहे. जमीन हलल्यावरही चालू राहायलाच हवीत अशी अग्निशमन केंद्रं, पोलीस ठाणी आणि आग विझवायचे नळ भक्कम करण्यासाठी शहराने २०१०, २०१४ आणि २०२० असं तीनदा मतदारांकडून रोखे विकून कर्ज काढायची परवानगी घेतली. पहिल्यांदा ४१ कोटी २३ लाख डॉलर, मग ४० कोटी, मग ६२ कोटी ८५ लाख. हा पैसा सांगितल्या कामी लागतो का, हे पाहायला नऊ नागरिकांची देखरेख समिती आहे. मार्च २००२ मध्ये मतदारांनी प्रस्ताव ‘एफ’ मंजूर केला आणि ती जन्माला आली. तीन सदस्य महापौर नेमतात, तीन बोर्ड ऑफ सुपरवायझर्स (म्हणजे इथली नगरसभा), दोन शहराचे कंट्रोलर (म्हणजे मुख्य हिशेबनीस) आणि एक सिव्हिल ग्रँड ज्युरी हे नागरिकांचं मंडळ. या नवांत तुमची वर्णी लागली आहे असं धरून चालू.

लागणारं साहित्य

१. ज्या वर्षीचे रोखे, त्या वर्षी मतदानाआधी घरी आलेलं माहितीपुस्तक. रद्दीत दिलं असेल तर कुठून तरी मिळवा. याच्याशिवाय पुढचं काहीही जमणार नाही.
२. लाल पेन.
३. चालायचे बूट.
४. भोळा चेहरा. हा ज्याचा त्याने आणायचा.

पायरी १: पैसा कुणाचा, ते पक्कं करा

नवशिक्याचा समज असा की रोखे म्हणजे सरकारने कुठून तरी आणलेले पैसे. हे कर्ज शहरातल्या घरमालकांच्या मालमत्ता करातून फिटतं. ‘मी तर भाड्याने राहतो’ म्हणून हात झटकू नका. रोख्यांमुळे करात जी भर पडते, तिच्यातला निम्मा वाटा घरमालक भाडेकरूकडून घेऊ शकतो. म्हणूनच असं कर्ज काढायला दोन तृतीयांश मतदारांनी ‘हो’ म्हणावं लागतं. नुसतं बहुमत पुरत नाही.

पुण्याहून आलेल्यांनी इथे थोडं सावरून बसावं. पुणे महापालिकेनेही जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, पण ते गेले थेट बाजारात. त्यावर घरोघरी मत मागितलं नव्हतं. पुणेकरांचं मत न विचारता पुण्यात काही होऊ शकतं, हा धक्का ज्यांनी तेव्हा पचवला, त्यांना इथे उलटा धक्का बसेल. इथे मत मागतात, आणि नंतर ते मत तुमच्याच गळ्यात मारतात: ‘हे तुम्हीच मंजूर केलंत ना?’

पायरी २: नीट घाबरून घ्या

इतिहास न वाचता समितीत बसलात, तर नळाच्या जाडीवरची चर्चा तुम्हाला कंटाळवाणी वाटेल. वाटू नये.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंप झाला. शहराचं खरं वाटोळं त्यानंतरच्या आगीने केलं, कारण जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले होते आणि बंबवाल्यांच्या हातात कोरडे पाइप होते. अग्निशमन प्रमुख डेनिस सलिव्हन यांनी आगीसाठी पाण्याची वेगळी व्यवस्था हवी म्हणून आधीपासून धोशा लावला होता. त्या पहाटे ते जबर जखमी झाले आणि काही दिवसांत गेले. पाव शतकाहून जास्त काळ बांधकाम चाललेला सिटी हॉल काही क्षणांत ढासळला आणि घुमटाखालचा सांगाडा तेवढा उरला. एवढा वेळ आणि पैसा भिंतींत नेमका कुठे गेला, हे लोकांना तेव्हा आरपार दिसलं.

मग १९०८ मध्ये मतदारांनी ५२ लाख डॉलरचे रोखे मंजूर केले आणि सलिव्हन मागत होते ती वेगळी जलव्यवस्था उभी राहिली. ट्विन पीक्सच्या टेकडीवर मोठा तलाव, खाली दोन टाक्या, खाडीचं पाणी उपसणारी पंपघरं आणि रस्त्यांखाली हौद. १९८९ च्या ऑक्टोबरातल्या भूकंपात याही व्यवस्थेचे नळ फुटले. मरिना भागात घरं पेटली, तेव्हा ‘फिनिक्स’ नावाच्या अग्निशामक बोटीने पाणी उपसून दिलं म्हणून निभावलं.

या इतिहासातून घ्यायचा बोध असा: मागणाऱ्याने वेळेवर मागितलेलं असतं. कुणीतरी ते टिपून ठेवून पुन्हा पुन्हा विचारायला हवं. आता ते कुणीतरी तुम्ही आहात.

पायरी ३: यादी पाठ करा

२०२० च्या रोख्यांचा हिशेब असा: अग्निशमन केंद्रं व तत्सम सोयींना २७ कोटी ५० लाख डॉलर, आगीच्या जलव्यवस्थेला १५ कोटी ३५ लाख, पोलीस ठाणी व सोयींना १२ कोटी १० लाख, आपत्तीच्या वेळी वापरायच्या इमारतींना ७ कोटी, आणि मदतीचे फोन घेणाऱ्या ९११ केंद्राला ९० लाख. बेरीज करून पाहा, जमते. ही बेरीज जमण्याचा आनंद पुढच्या दहा वर्षांत फारसा मिळणार नाही, म्हणून आत्ताच घ्या.

आता लाल पेन काढा आणि माहितीपुस्तकात कुठल्या गोष्टीचं नाव घेतलंय आणि कुठल्या गोष्टीचं नाही, ते पाहा. ‘अग्निशमन केंद्रांची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी’ असं लिहिलं असेल, तर ‘किती केंद्रांची?’ असं समासात लिहा. ‘यांसारखी कामे’ असं दिसलं की त्या शब्दांखाली दोनदा रेघ ओढा. मत मागताना वाक्य जेवढं ऐसपैस, तेवढी नंतर अंग चोरायला जागा.

पायरी ४: बैठकीत बसा

खात्याचे अधिकारी येतील. सभ्य असतील, तयारी करून आलेले असतील. पडद्यावर तक्ता येईल. त्यात प्रत्येक प्रकल्पासमोर एक गोल असेल आणि बहुतेक गोल हिरवे असतील. गोलाखाली लिहिलेलं असेल: वेळापत्रकानुसार, अंदाजपत्रकात.

नवशिका इथे मान डोलावतो. तुम्ही भोळा चेहरा बाहेर काढा आणि विचारा, “कुठल्या वेळापत्रकानुसार?”

थोडी शांतता पसरेल. मग उत्तर येईल, “मंजूर वेळापत्रकानुसार.”

“पहिल्यांदा मंजूर झालेलं की शेवटी सुधारलेलं?”

इथे कुणीतरी पाण्याची बाटली उघडेल. घाई करू नका. दरवेळी वेळापत्रकच पुढे सरकवलं, तर कुठलंही काम कधीच उशिरा होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते मोठ्याने म्हणायची गरज नाही. “पुढच्या तक्त्यात मूळ तारीख आणि मूळ रक्कम असे दोन रकाने जास्त घालता येतील का?” एवढंच म्हणा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. एका बैठकीत दोन रकाने पदरात पडले, तर सभा सत्कारणी लागली समजा.

बैठक खुली असते, त्यामुळे नागरिकही बोलायला येतात. एक आजोबा दरवेळी येतील आणि आपल्या कोपऱ्यावरच्या हायड्रंटबद्दलच, म्हणजे आगीच्या नळाबद्दलच, बोलतील. त्यांच्याकडे बघून हसू नका. माहितीपुस्तक वाचलेला खोलीतला दुसरा माणूस बहुधा तोच असतो.

पायरी ५: चोर शोधत बसू नका

नवीन सदस्याला वाटतं, आपण गुप्तहेर झालो. खरे चोर असतात, नाही असं नाही. या रोख्यांतली बरीच बांधकामं ज्या सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत होतात, त्याचे तेव्हाचे संचालक मोहम्मद नूरू यांना जानेवारी २०२० मध्ये संघराज्याच्या तपास यंत्रणेने भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटक केली. पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. गंमत पाहा, अटकेनंतर दीड महिन्याच्या आतच, मार्चमध्ये, ६२ कोटी ८५ लाखांच्या रोख्यांवर मतदान होतं, आणि दहातल्या आठांहून जास्त मतदारांनी ‘हो’ म्हटलं. लोकांना भूकंपाची धास्ती खात्यापेक्षा जास्त वाटली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

पण अशी प्रकरणं पोलीस आणि वकील धसाला लावतात. समितीच्या खुर्चीतून दिसतं ते वेगळं असतं. इथे पैसा बहुतेक वेळा चोरीला जात नाही, तो आटतो. सिमेंट महागतं, मजुरी वाढते, जुनी भिंत उघडल्यावर आत भलतंच निघतं, आराखडा बदलतो. चोवीस लाडवांचा रवा भाजून लाडू अठराच झाले, तर डबा कुणी फोडलेला नसतो. रव्याचा हिशेबही चोख लागतो. फक्त पंगतीतले सहा जण तसेच उठतात. लेखापरीक्षक रवा तपासतो. त्या सहा जणांची चौकशी करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून समिती आहे.

पायरी ६: बूट घालून बाहेर पडा

कागद पुरे झाले. रस्त्यावरचा हायड्रंट पाहायला शिका. आगीच्या खास जलव्यवस्थेचा हायड्रंट साध्यापेक्षा धिप्पाड असतो. त्याचं डोकं काळं असेल तर पाणी ट्विन पीक्सच्या तलावाचं, लाल असेल तर अ‍ॅशबरीच्या टाकीचं, निळं असेल तर जोन्स स्ट्रीटच्या टाकीचं. चौकाच्या मधोमध विटांचं मोठं वर्तुळ दिसलं, तर सहसा खाली पाण्याचा हौद आहे. त्यावर उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा, मागून बस येत असते.

मग घाटावर जा. धक्का क्रमांक साडेबावीस. हो, साडेबावीसच. तिथलं पस्तीस नंबरचं अग्निशमन केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं आणि ते चक्क पाण्यावर तरंगतं, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतं. रोख्याचा पैसा कुठे दिसतो, असं पाहुण्यांनी विचारलं तर त्यांना इथे आणा. टीकाकाराच्या खिशातही एखादं झालेलं काम असावं, नाहीतर लोक त्याचं ऐकणं सोडतात.

शेवटी पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, रिचमंड आणि सनसेट भागांत भरपूर चाला आणि धिप्पाड हायड्रंट मोजायचा प्रयत्न करा. बूट झिजतील, आकडा फारसा वाढणार नाही. जुनी व्यवस्था उभी राहिली तेव्हा वस्ती प्रामुख्याने पूर्वेला होती. पुढे घरं पश्चिमेकडे सरकली, नळ त्या वेगाने सरकले नाहीत. २०१९ मध्ये सिव्हिल ग्रँड ज्युरीने, म्हणजे एकोणीस साध्या नागरिकांच्या मंडळाने, नेमक्या याच गोष्टीवर अहवाल लिहून शहराला बजावलं की उशीर व्हायच्या आत हे जाळं वाढवा. १५ कोटी ३५ लाखांचा विषय निघाला की हा अहवाल टेबलावर ठेवायचा आणि एकच विचारायचं: यातला नळ पश्चिमेला किती फूट गेला? डॉलरमध्ये उत्तर आलं तर नम्रपणे परत करा. फूट मागितलेत, फूटच घ्या.

पायरी ७: हत्यार ओळखून ठेवा

विकलेल्या रोख्यांतल्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर देखरेखीसाठी राखून ठेवलेला असतो. ६२ कोटी ८५ लाखांवर तो होतो ६ लाख २८ हजार ५००. यातून स्वतंत्र लेखापरीक्षण करून घेता येतं. हे न वापरता ‘आमच्या हातात काहीच नाही’ म्हणणारा सदस्य आळशी समजावा. शिवाय पैसा मतदारांना सांगितल्या कामापासून भरकटला, तर अजून न विकलेले रोखे अडवण्याचा अधिकारही कायद्याने समितीला दिला आहे. हा अधिकार उठसूट दाखवायचा नसतो. पण तो आहे, हे तुम्हाला माहीत आहे, हे समोरच्याला माहीत असावं.

नेहमीच्या शंका

*मला हिशेबातलं काही कळत नाही. चालेल का?* उत्तम. कळणाऱ्यांना मूळ प्रश्न विचारायची लाज वाटते.

*अधिकारी दुखावले तर?* चांगल्या अधिकाऱ्याला तुमचे प्रश्न हवेच असतात; वरिष्ठांकडे जाऊन ‘समिती मागतेय’ म्हणायची त्याची सोय होते.

*याचं मानधन किती?* पुढची शंका.

*भूकंप झालाच नाही तर?* मग तुमचं काम उत्तम झालं की वाया गेलं, हे कधीच कळणार नाही. या कामाची ही एकच खरी गैरसोय आहे.

पायरी ८: वेळेवर उठा, पण रिकाम्या हाताने नको

सदस्याची मुदत दोन वर्षांची, आणि लागोपाठ दोनच वेळा. कर्ज फिटायला त्याच्या कितीतरी पट वर्षं लागतात. तुम्ही ज्या नळाबद्दल विचारलंत तो पुरला जाईल तेव्हा खुर्चीत दुसरं कुणीतरी असेल, आणि सगळ्यात सोयीचं विस्मरण याच सांध्यात होतं. तेव्हा शेवटच्या बैठकीला आभाराचं भाषण करू नका. उत्तर न मिळालेल्या प्रश्नांची यादी करा, प्रत्येकापुढे तो पहिल्यांदा कधी विचारला ती तारीख लिहा, माहितीपुस्तकाची लाल रेघा मारलेली प्रत तिला जोडा आणि नव्या सदस्याच्या हातात द्या. तो म्हणेल, ‘एवढं सगळं?’ त्याला सांगा, हे फक्त राहिलेलं आहे.

आणि नव्या सदस्याची नेमणूकच झाली नसेल, जागा रिकामीच असेल, तर तोच यादीतला पहिला प्रश्न.