अपग्रेडकाका

चालतंय ते चालू द्यावं, या मताची माणसं जगात बहुसंख्य आहेत. अपग्रेडकाका अल्पसंख्याकांत मोडतात. असा एक नमुना हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतला बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. बँकेतून निवृत्त. शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर आपण काढलं, हे ते अजून सांगतात. तेव्हापासून तांत्रिक बाबतीत आपला शब्द शेवटचा, अशी त्यांची समजूत आहे.

काकांचा राउटर उत्तम चालत होता, आणि नेमकं हेच त्यांना बघवत नव्हतं. रोज रात्री जेवण झालं की ते १९२.१६८.१.१ वर लॉगिन करून सगळी पानं नजरेखालून घालतात. एका रात्री तिथे लिहून आलं, 'नवीन फर्मवेअर उपलब्ध.' खाली बारीक अक्षरांत खुलासा : स्थिरता वाढवली, किरकोळ त्रुटी दूर केल्या. आपल्या राउटरात कुठल्या त्रुटी आहेत हे काकांना ठाऊक नव्हतं; पण असतील तर ठेवायच्या कशाला?

अपग्रेड चालू असताना वीज जाता कामा नये, अशी तंबी पडद्यावर असते. काकांनी ती अख्ख्या घराला लागू केली. मिक्सर बंद, गीझर बंद, इस्त्री बंद. पट्टी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर अडकली तेव्हा काकूंना पंख्याचं बटण दाबायलाही मनाई झाली. अखेर राउटर आपोआप बंद झाला, पुन्हा सुरू झाला, सगळे दिवे हिरवे लागले आणि काका म्हणाले, "बघ, किती स्मूथ झालं!"

दुसऱ्या दिवसापासून नेट यायचं, पण टिकायचं नाही.

इथून पुढे अपग्रेडकाकांचा खरा उत्सव सुरू होतो. एरवी सकाळी फिरायला जायला कुरकुरणारा हा माणूस मोबाईल हातात धरून स्पीड टेस्ट घेत घरभर चालू लागला. राउटर टीव्हीशेजारून उठून कपाटावर गेला, तिथून पुस्तकांच्या फळीवर, तिथून पॅसेजमध्ये. गौरी बसवायला इतका विचार त्या घरात कधी झाला नसेल. मायक्रोवेव्ह आणि जुनं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, हे कळल्यावर काकूंना दूध गॅसवर तापवायचा हुकूम झाला. डीएनएस ८.८.८.८ होता तो १.१.१.१ झाला. "हे कुणाचे नंबर लावताय?" काकूंनी विचारलं. उत्तरादाखल काकांनी डीएनएस म्हणजे काय ते सांगितलं. पाऊण तास.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन. पलीकडच्या मुलीनं पहिलंच वाक्य टाकलं, "सर, एकदा राउटर बंद करून चालू करून बघा." त्या क्षणीचा काकांचा चेहरा मी पाहिला आहे. निवृत्तीच्या दिवशी शिपायानं त्यांना ओळखपत्र विचारलं असतं तरी इतका अपमान झाला नसता. संध्याकाळी नेटवाला मुलगा आला. त्यानं जॅकेटही न काढता फायबरच्या डबीवरचा हिरवा दिवा पाहिला आणि त्यांच्या धंद्यातलं ब्रीदवाक्य उच्चारलं, "काका, आपल्या बाजूनं लाइन ओके आहे."

काकूंच्या सेफ्टी पिननं राउटरच्या मागचं बारीक भोक दाबून काकांनी फॅक्टरी रिसेट केला. त्यानं एवढंच झालं की घरातलं प्रत्येक यंत्र काकांना विसरलं. पासवर्ड पुन्हा सगळ्यांत भरावा लागला, आणि जुन्या टीव्हीनं तो घ्यायलाच नकार दिला. नव्या फर्मवेअरनं सुरक्षा डब्ल्यूपीए-३ वर नेली होती, आणि टीव्हीची अक्कल डब्ल्यूपीए-२ लाच संपत होती. काकू मालिका बघायला शेजारी जाऊ लागल्या. तिथलं नेट कधी जात नसे. तिथे राउटर कपाटामागे पडलेला होता आणि घेतल्यापासून कुणी त्याच्याकडे पाहिलेलं नव्हतं. मुलगा जिन्यात बसून मोबाईलच्या डेटावर ऑफिसच्या मीटिंगा करायचा. येणारे-जाणारे त्याला किल्ली हरवली का म्हणून विचारायचे.

निदान काकांनीच केलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे सिस्टिम लॉगमध्ये, त्यांना एक शब्द सापडला : रडार. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले मधले चॅनल, साधारण ५२ ते १४४, हे रडारही वापरतात. म्हणून या चॅनलवर बसलेल्या राउटरनं सतत कान टवकारून राहायचं, रडारची चाहूल लागली की दहा सेकंदांत जागा सोडायची आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, असा दंडक आहे. तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी निदान एक मिनिट गप्प बसून ऐकायचं. जुन्या फर्मवेअरमध्ये चॅनल ३६ पक्का होता. तिथे ही भानगड नाही. नव्या फर्मवेअरनं चॅनल 'ऑटो' करून टाकला होता, आणि गर्दी नको म्हणून राउटर थेट १०० वर जाऊन बसला होता.

काका धावतच खाली आले. "लोहगाव!" ते म्हणाले. "आपला राउटर हवाई दलाला वाट देतोय!"

असे राउटर कधीकधी भलत्याच लहरींनाही रडार समजून पळ काढतात, असं मी म्हणून पाहिलं. काकांनी माझ्याकडे देशद्रोह्याकडे पाहावं तसं पाहिलं. विमानतळ जवळ, हवाई दलाचा तळ जवळ. आणखी पुरावा कशाला? त्या दिवसापासून नेट गेलं की ते चिडेनात. उलट मनगटावरच्या घड्याळात बघून गॅलरीत उभे राहत आणि आकाशात विमान दिसलं की मान डोलवत.

"बाबा, चॅनल छत्तीसवर टाका ना मग," मुलगा म्हणाला.

"टाकता येईल. पण देशासाठी एक मिनिट नेट गेलं तर बिघडलं काय?"

शेवटी काकूंनी त्यांचा मोबाईल उशीखाली ठेवला आणि छत्तीस झाल्याशिवाय चहा मिळणार नाही असं जाहीर केलं. छत्तीस झालं. टीव्हीसाठी डब्ल्यूपीए-२ परत आलं. नेट पूर्वीसारखं चालू लागलं, मुलगा जिन्यातून घरात आला, आणि काका उदास झाले. चार दिवस ते लॉग उघडून बसत. लॉगमध्ये काही नसे. नवं बीटा व्हर्जन आलं होतं, पण काकूंनी ॲडमिनचा पासवर्ड बदलला होता.

काल संध्याकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात सेफ्टी पिन.

"तुमच्या राउटरचं व्हर्जन काय आहे हो?"

"आम्ही वायफाय काढून टाकलं, काका," मी दार अर्धंच उघडं ठेवत म्हणालो.

त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर रंगीत कमानींचा आलेख होता आणि सगळ्यात उंच कमानीवर आमच्या वायफायचं नाव.

"चॅनल सहावर तुम्हीच बसलाय. सिग्नल उणे बेचाळीस," असं म्हणत त्यांनी चपला काढल्या.