दोन ओळींचं काम

जठारपेठेतल्या या गृहस्थाला लग्नाचा बायोडाटा टाइप करायला देऊ नये, हे आता आसपासच्या गल्ल्यांना कळून चुकलं आहे. शेजारच्या काकूंना मात्र तेव्हा माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवालं पोट्टं आहे, अर्ध्या तासात करून देईल, असं त्यांना वाटलं. त्यानं लॅपटॉप उघडला. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. तिथे देवनागरी अक्षरांची रुंदी इंग्रजीसारखी एकसारखी नसते, म्हणून जन्मवेळ आणि रास काही केल्या एकाखाली एक येईनात. "दोन ओळींचं काम हाये, काकू," असं म्हणून तो त्या दोन ओळी रात्रभर लिहीत बसला. सकाळी रकाने सरळ होते, बायोडाटा रिकामा होता. स्थळ तोवर मूर्तिजापुरात जमलं.

हे गृहस्थ ईमॅक्सवाले.

नोटपॅडवर माणसं लिहितात आणि कामाला लागतात. ईमॅक्समध्ये माणसं राहायलाच जातात. 1976 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि मंडळींच्या हातून हा मजकूर-संपादक, म्हणजे टेक्स्ट एडिटर, आकाराला आला; आजचा ग्नू ईमॅक्स 1985 पासूनचा. त्याचा बराचसा भाग लिस्प भाषेच्या एका बोलीत लिहिलेला आहे आणि तो चालू असतानाच त्याचा स्वभाव बदलता येतो. कुठली कळ दाबली की काय व्हावं, फाइल जतन होण्याआधी काय घडावं, सगळं आपण ठरवायचं आणि एका फाइलीत लिहून ठेवायचं. या गृहस्थाची ती फाइल म्हणजे वऱ्हाडातला जुना वाडा. प्रत्येक हौसेसरशी एक खोली वाढलेली, आणि कुठली भिंत पाडली तर काय कोसळेल हे मालकालाही सांगता येत नाही.

ईमॅक्समध्ये कंट्रोलची कळ इतकी लागते की करंगळी दुखते. त्यावर जगभरच्या ईमॅक्सवाल्यांचा जुना तोडगा असा, की कॅप्स लॉकलाच कंट्रोल करून टाकायचं. यानंही केलं. मग एका सकाळी दहाच्या ठोक्याला मेहुणे त्याच्या लॅपटॉपवर विदर्भ एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट काढायला बसले. पासवर्ड वाशीमवरून ठेवलेला, पहिलं अक्षर मोठं डब्ल्यू. त्यांनी कॅप्स लॉकवर बोट ठेवून डब्ल्यू दाबला, तो झाला कंट्रोल-डब्ल्यू, आणि रेल्वेचं पानच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. "थांबा भाऊजी, दोन ओळींचं काम हाये," हा म्हणाला. त्या दोन ओळी होईस्तोवर तत्काळ संपलं होतं.

सगळे व्हीएस कोड वापरतात, तू का नाही, असं त्याला विचारायची सोय नाही. तो संपादक वापराची माहिती मूळ सेटिंगनुसार मायक्रोसॉफ्टकडे पाठवतो. बंद करता येतं, हे त्याला मान्य आहे. "पण मुळात चालू कायले?" ईमॅक्समध्ये उलट 'स्पूक' नावाची आज्ञा आहे. पत्राखाली संशयास्पद शब्दांचा भुसा टाकायचा, म्हणजे चोरून वाचणाऱ्या यंत्रणा दमतील, अशी ती थट्टा. यानं ती प्रत्येक ईमेलला जोडली. परिणामी सोसायटीच्या सचिवांना पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार आली आणि तिच्याखाली सीआयए, अण्वस्त्रं आणि स्फोट.

कपड्याच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागितला की पेठ ओळखते, आता रांग थांबणार. "कायले पाह्यजे माहा नंबर?" मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना बजावलं होतं, की नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका. त्या बातमीचं कात्रण त्याच्या पाकिटात असतं. बायको तोवर साड्यांच्या विभागात, अनोळखी.

हसण्यासारखं आहेच. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं, आणि पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच हक्काच्या पीडीएफ फायली कॉम्प्युटरवर उघड्या पडलेल्या. आधार, पॅन, पोरींचे फोटो, जातीचे दाखले. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं 'आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका' असं पत्रक काढलं. दोनच दिवसांत ते मागे घेऊन लोकांना नेहमीचं तारतम्य बाळगायला सांगितलं. अ‍ॅडमिशनच्या गर्दीत तारतम्य कोण बाळगतो?

यानं बाळगलं. दुकानदाराला न मागता एक फाइल लिहून दिली. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद होताना आलेली सगळी कागदपत्रं पुसली जातात. पैसे घेतले नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. आणि काम खरोखरच दोन ओळींचं निघालं, आयुष्यात पहिल्यांदा.

आता रोज सकाळी काउंटरवर कुणी ना कुणी उखडतो, "अरे, कालच तं पाठोलं होतं आधार!"

"पुन्हा पाठवा भाऊ," दुकानदार म्हणतो. "तो ईमॅक्सवाला येते ना, त्यानं बिघडोला हा कॉम्प्युटर."