पृष्ठसंख्या : दोन

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तो आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. म्हणजे अख्ख्या देशाला नंबर लावायच्या कामाचा नारळ नंदुरबार जिल्ह्यात फुटला. एवढी परंपरा पाठीशी असताना एका वाचनालयातल्या सीड्यांना नंबर लावणं ते काय, असं कार्यकारिणीच्या बैठकीत सगळ्यांचं मत पडलं. मी मान डोलावली आणि नेमकं तेवढ्यात अध्यक्षांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

या सीड्या आल्या कुठून? २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकायला काढली आणि गावातल्या दानशूरांना वाचनालयाची आठवण झाली. पुस्तक द्यायचं तर शंभराची नोट मोडावी लागे. इथे २८ रुपयांत देणगीदारांच्या फळ्यावर नाव! बघता बघता संदर्भग्रंथांचं कपाट सीड्यांनी भरलं आणि संदर्भग्रंथ कपाटावर गेले.

आमच्या ग्रंथपालांना सगळे नाना म्हणतात. नानांचा स्वभाव असा की दाखल नोंदवहीतला एकही रकाना ते मोकळा सोडत नाहीत. सीडीच्या बाबतीत पहिला पेच पडला तो ‘लेखक’ या रकान्यात. ‘शोले’चा लेखक कोण? सलीम-जावेद लिहावं तर सभासद मागतात ‘गब्बरवाली’. ‘पृष्ठे’ या रकान्यात नानांनी थोडा विचार केला, सीडी उलटीपालटी करून पाहिली आणि लिहिलं : २. ‘बांधणी’पुढे लिहिलं : प्लास्टिक.

मग वर्गीकरण. ड्युईच्या दशांश पद्धतीत सिनेमाला ७९१.४३ हा आकडा आहे. पण नानांचं म्हणणं, सगळेच सिनेमे एका खणात ठेवले तर वर्गीकरण केलं कशाला? १९७५ साली ‘शोले’ही आला आणि ‘जय संतोषी माँ’ही. संतोषी मातेच्या सिनेमाला लोक थिएटरबाहेर चपला काढून जात, म्हणून तो गेला २९४.५ला, हिंदू धर्मात. ‘शोले’ गेला ३६४ला, गुन्हेगारीत. “गुन्हा घडलाय की नाही?” असं नानांनी विचारल्यावर मी काय बोलणार?

पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे एक शिक्का आणि ठरलेल्या गुप्त पानावर दुसरा, हा वाचनालयाचा जुना रिवाज. शिपाईभाऊंनी तो सीडीलाही लावला. छापील बाजूवर एक शिक्का आणि गुप्त पान म्हणून चकचकीत बाजूवर दुसरा. त्या बाजूला शाई काही वाळेना. मग त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली. आजही ती सीडी उजेडात तिरकी धरली की वाचनालयाचं अर्धं नाव आणि शिपाईभाऊंचा पूर्ण अंगठा दिसतो. आधार कार्डाला यापेक्षा वेगळं काय लागतं?

व्हीसीडीत मावतो चौऱ्याहत्तर मिनिटांचा ऐवज. ‘शोले’ तीन तासांच्या वर, म्हणून तो तीन सीड्यांत. आमच्याकडची मधली कुणीतरी नेली ती नेलीच. तेव्हापासून पहिल्या सीडीत ठाकूर धडधाकट आणि तिसरीत एकदम थोटा. “नाना, ठाकूरना हात कोठे ग्यात?” असं सभासद काउंटरवर येऊन विचारत. पुढे एकानं ती मधली सीडी म्हणून जी परत केली, ती निघाली ‘मालेगाव के शोले’. नासिर शेख यांनी मालेगावात २००० साली काढलेला हा सिनेमा. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, पण त्या भानगडीत न पडता त्यांनी डाकूंना सरळ सायकलींवर बसवलं होतं. पहिल्या सीडीत घोडे, दुसरीत सायकली, तिसरीत पुन्हा घोडे. एकाही सभासदानं तक्रार केली नाही.

सभासदांचा सीडी पुसण्याचा उत्साहही दांडगा. अडकली की शर्टाच्या टोकानं गोल गोल, पितळी ताट घासल्यासारखी! खरं तर सीडी पुसायची मधून कडेकडे, सरळ रेषेत. आतली नोंद गोल फिरत बाहेर जाते, त्यामुळे ओरखडा आडवा गेला तर यंत्र तेवढं सांभाळून घेतं, गोल गेला तर हात टेकतं. आणि माहिती असते ती छापील बाजूच्या अगदी लगत. त्यामुळे चकचकीत बाजूला जिवापाड जपणारा माणूस वरून बॉलपेननं ‘महत्त्वाचे’ असं दाबून लिहितो, तेव्हा महत्त्वाचे तेवढेच पुसले जाते.

‘महत्त्वाचे’, ‘नवीन गाणे’, ‘हीच ती’ असं लिहिलेल्या सीड्यांचा एक वेगळाच गठ्ठा निघाला. त्यात एका सभासदाच्या लग्नाची सीडी होती. ती कीर्तनाच्या कव्हरात परत आली आणि कीर्तन म्हणूनच गावभर फिरली. निम्मं गाव घरबसल्या त्या लग्नाला जाऊन आलं. कीर्तनाच्या मानानं पंगत लांबली, एवढाच काय तो अभिप्राय.

गठ्ठ्याच्या तळाशी मात्र खरा माल होता. आठवडे बाजारात आणि यात्रेत पथारीवर विकल्या गेलेल्या सीड्या. अहिराणीतली कानबाईची गाणी, देवमोगरा मातेची गाणी, सोंगाड्या पार्टीचे खेळ, भिली, पावरी, मावची बोलीतली होळीची गाणी. कव्हर म्हणजे एक झेरॉक्स आणि त्यावर गायकाचा मोबाइल नंबर. ड्युईच्या आकड्यांत ते कुठे बसवावं, हे नानांनाही सुचेना. लोकगीत म्हणावं तर गाणारा शेजारच्या गावात हयात, धर्म म्हणावा तर मधेच ट्रॅक्टरवरचं गाणं. शेवटी त्यांनी नोंदवहीत एक नवं पान उघडलं, वर लिहिलं ‘आपले’ आणि एकपासून नंबर घातले.

पुढे बाजारात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं आणि या सीड्या शेतात गेल्या. काही ज्वारीवरची पाखरं हाकलायला लटकल्या, काही उसाच्या बैलगाडीमागे रात्री चमकायला. ‘शोले’ची काळजी करायला अख्खा देश बसलाय. बाजारातल्या या सीड्यांची प्रत कुठल्याच मोठ्या ग्रंथालयानं जपलेली नसेल, असं धरूनच चालायला हवं. सीडी जपायची तर अंगठ्याएवढी शिस्तसुद्धा पुरते : उभी ठेवायची, उन्हापासून दूर, आणि चालते आहे तोवर तिची नक्कल काढून घ्यायची. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन माणसाला वाकवतं, प्लास्टिकची काय कथा.

तेव्हा मंडळी, घरातल्या फळीवर, पेटीत, गोठ्यात अशी एखादी सीडी असेल तर जवळच्या वाचनालयात आणून द्या. कव्हर असेल तर कव्हरासकट द्या, गाणाऱ्याचं नाव माहीत असेल तर वेगळ्या कागदावर लिहून द्या. फक्त देण्याआधी एकदा लावून बघा. लग्नाची असेल तर घरीच ठेवा.