घरबसल्या टॅरंटुलातज्ज्ञ व्हा

गोव्याहून घाटाने परतलेला मेहुणा ग्रुपवर केसाळ कोळ्याचा फोटो टाकतो आणि विचारतो, 'हा कोण?' हीच तुमची वेळ. घाबरू नका, तिथे कोणालाच काही ठाऊक नसतं.

१. पहिल्या मिनिटात 'थ्रिग्मोपिअस' असं टाइप करा. पश्चिम घाटातली ही बिळात राहणारी प्रजाती. रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ साली तिचं वर्णन केलं आणि त्याच वर्षी इन्सिग्निस व ट्रुक्युलेंटस या दोन जातीही नोंदवल्या. एवढंच पाठ करा. ट्रुक्युलेंटस म्हणताना जीभ अडखळली तर खोकला काढा.

२. रंगावर भरपूर बोला. कात टाकायच्या आधी कोळी मळकट दिसतो, टाकल्यावर लखलखीत. म्हणजे एकाच प्राण्याच्या दोन जाती करून तुम्ही दोनदा भाव खाऊ शकता.

३. आता हुकमाचा पत्ता. बऱ्याच टॅरंटुलांच्या नराला पुढच्या पायावर आकडा असतो. मीलनाच्या वेळी मादीचे सुळे त्यात अडकवून तो जीव वाचवतो. थ्रिग्मोपिअसच्या नराला हा आकडाच नसतो. (बिचारा!) तेव्हा फोटो मोठा करा आणि जाहीर करा: 'आकडा नाही, सिद्ध झालं!' आकडा कोणत्याच मादीला नसतो, वयात न आलेल्या नरालाही नसतो, आणि वरून काढलेल्या फोटोत असलेलाही दिसत नाही, हे कोणी काढलंच तर 'अभ्यास वाढवा' म्हणा.

४. मादी ओळखायची खरी रीत किचकट आहे. टाकलेली कात साबणाच्या पाण्यात भिजवायची, चिमट्याने हळूहळू उलगडायची आणि शुक्राणू साठवायच्या इवल्या पिशव्यांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. इतका उपद्व्याप करणारी माणसं शेवटी 'बहुधा' म्हणतात. तुम्ही म्हणू नका. 'बहुधा'ला अंगठे मिळत नाहीत.

५. 'अंगावरचे केस उडवतो, लांब राहा' असं बजावा. ती कला अमेरिका खंडांतल्या टॅरंटुलांची, आपल्याकडच्यांना येत नाही. पण इशारा दिला की माणूस जबाबदार वाटतो.

६. फोटोखाली 'अमुक वळणावरची दरड, डाव्या हाताला' असं लिहिलेलं असेल, तर मेहुण्याला ते आधी पुसायला लावा. बिळं उकरून कोळी विकणाऱ्यांना पत्ता पुरतो. नाव चुकलं तरी त्यांचं काही अडत नाही.