तळघरातली फियाट

ट्रॉय, मिशिगन

ती. आईंना सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. कुरडया वाळवायला घेतलेलं डिहायड्रेटर चालतं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. चालतं, रोज चालतं. सध्या त्यात फियाट वाळते आहे.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून उतरली. पद्मिनी म्हणजे फियाटच, तेव्हा ती बातमी वाचून तुमचे चिरंजीव जे हळवे झाले, ते अजून सावरलेले नाहीत. बाबांची फियाट आपल्याकडे हवीच, मग ती 1:24 प्रमाणातली, जेमतेम सोळा सेंटीमीटर लांबीची का असेना! छोट्या गाड्यांचे किट काढणारी जुनी एएमटी कंपनी आमच्या ट्रॉयचीच, पण तिला अमेरिकन गाड्यांचं कौतुक. शेवटी एका हौशी गृहस्थांनी घरी सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून केलेली बॉडी मिळाली. कडांना पापुद्रे, टपावर हवेच्या बुडबुड्यांची भोकं, बंपर वाकडा. मला वाटलं, परत पाठवतील. हे म्हणाले, "काय देखणी आहे!"

गाडी रंगवायची म्हणजे रंग लावायचा, अशी माझी भाबडी समजूत. रंग अगदी शेवटी. आधी धुणं. रेझिन साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य अंगाला राहतं आणि त्यावर रंग धरत नाही, फाटतो. म्हणून कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश. चहाचा कप सिंकमध्ये ठेवून "भिजत घातलाय" म्हणणारा हा माणूस बंपरची आतली बाजू घासत बसतो. तुम्ही सईला न्हाऊ घालायचात ना, तसंच अगदी, मान धरून!

परवा शेगडीवर आधण दिसलं. म्हटलं, आज आयता चहा. डोकावले तर आत बंपर. गरम पाण्यात रेझिन मऊ पडतं, मग काचेवर दाबून सरळ करायचं आणि गार पाण्यात सोडायचं. बंपर सरळ झाला. चहा मीच केला. भोकं बुजवायला सुपरग्लू लावून वर खायचा सोडा भुरभुरवतात, लगेच दगड होतो. ढोकळ्याच्या दिवशी डबा उघडला तेव्हा हे ज्ञान मला मिळालं.

मग पॉलिश पेपर, आधी 400 नंबरचा, मग 600 चा, तोही पाण्यात भिजवून. कोरडं घासलं तर रेझिनची भुकटी छातीत जाते, म्हणून वर मास्कही. एवढं करून राखाडी प्रायमर मारला, की तो चुगली करतो: तोवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. पुन्हा पॉलिश पेपर.

गॅरेजमध्ये हाडं गोठवणारी थंडी, तेव्हा स्प्रे तळघरात. खिडकीला पंखा लावलाय, पण स्प्रेची वाफ पेट घेणारी, म्हणून तेवढा वेळ घर गरम ठेवणारी भट्टीही बंद. एक पातळ हात मारायचा, थांबायचं, मग दुसरा. जाड हात दिला तर ओघळ येतात. तोवर वर मी आणि सई शाली गुंडाळून मोटारीची भरभराट चिंतितो. त्यानंतर डिहायड्रेटर, चाळीस अंशांवर. जास्त तापवलं तर बॉडी पुन्हा वाकडी.

आता मुद्द्याचं. खरा रंग अजून मारायचा आहे आणि घोडं त्यावरच अडलंय. हे म्हणतात गाडी क्रीम रंगाची होती. वन्संनी फिकट निळी सांगितली. जुन्या फोटोत ती राखाडी दिसते, तशी ती सध्याही आहे. तेव्हा एक काम करा. तुमचं उत्तर आधी कागदावर लिहून घडी घालून ठेवा, मगच बाबांना विचारा. दोन्ही जुळली तर ताबडतोब फोन करा. नाही जुळली, तर आई, तुम्हाला माझी शपथ, कुणाला काही बोलू नका. हे दोन्ही रंगांच्या फियाट करायला घेतील, आणि घरात सोडा उरलेला नाही.

बाबांना नमस्कार.

तुमची सून,
मेधा