बँकर सोडू नका : मावळातल्या पालकांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका तळेगाव ते खंडाळा या पट्ट्यातल्या समस्त पालकवर्गासाठी आहे. पाल्य पाचवीत असो वा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कृती तीच.

आधी थोडं शास्त्र. करायचं काम ध्यानात धरणं, मोह आवरणं आणि ठरवलेलं फिसकटलं की दुसरी वाट काढणं, या तीन गोष्टींना मिळून मानसशास्त्रज्ञ ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणतात. हा कारभार प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतो आणि तो भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून मुलांना लहानपणापासून थोडाथोडा सराव द्या, असं शास्त्रज्ञ सांगतात. सुज्ञ पालकाने यातून एवढंच घ्यावं, की पंचविशीपर्यंत सगळं आपल्यालाच बघायचंय.

आता कृती. रात्री साडेनऊला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडावा. ‘उद्या काय न्यायचंय?’ असं कुणीतरी विचारलेलं असतंच. नसल्यास आपण विचारावं. मुलाला मात्र विचारू नये. तो शेजारीच लोळत असतो, त्याला माहीतही असतं, पण ती पद्धत नव्हे. ‘पिवळी कार्डशीट, दोन’ असं उत्तर आलं की बाबांनी रेनकोट चढवून बाजार गाठावा आणि शटर अर्धं ओढलेल्या स्टेशनरीवाल्याला खाली वाकून हाक मारावी. पिवळी संपली असेल तर केशरी घ्यावी आणि घरी येऊन बाईंच्या नावे क्षमापत्र लिहावं. तोवर पाल्य झोपलेला असतो. त्याला उठवू नये.

पावसाळ्यात जबाबदारी वाढते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा शाळेच्या बुटांत साठतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, मोजे फ्रिजच्या मागे लावावेत, सकाळी दमट राहिल्यास इस्त्री फिरवावी. बोळे कोण कोंबतं याचा पाल्याला पत्ता लागता कामा नये. बूट आपोआप वाळतात ही त्याची समजूत लग्नापर्यंत टिकली पाहिजे. पुढचं सून बघेल.

मोह आवरण्याची परीक्षा घरीच घेता येते. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुलांपुढे मार्शमेलोसारखा खाऊ ठेवून ती घेतली: आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. आपल्याकडे चिक्की आहे. थांबणारी मुलं पुढे हुशार निघतात, असा बराच गाजावाजा झाला. २०१८ साली जास्त मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर त्यातला बराचसा फरक विरून गेला. मला महत्त्वाचा वाटतो तो २०१३चा रोचेस्टरचा प्रयोग. तिथे काही मुलांना मोठ्या माणसाने आधी चांगले रंग द्यायचं कबूल केलं आणि रिकाम्या हाताने परत आला. ती मुलं खाऊसमोर सरासरी तीन मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला, ती बारा मिनिटं. तेव्हा चिक्कीचं पाकीट फोडावं, एक तुकडा पुढ्यात ठेवावा, ‘दहा मिनिटं थांब, मग दुसरा देते’ असं सांगावं आणि तेवढ्यात पाहुणे आल्यास उरलेलं पाकीट त्यांच्यापुढे करावं. पुढच्या वेळी मुलाने चिक्की आधीच तोंडात टाकली, की ‘याला धीरच नाही’ असं चारचौघांत म्हणावं.

एक दक्षता. पाल्याला काही विशिष्ट मुलांपासून लांब ठेवावं. मळवली-कामशेतहून लोकलने येणारी ही मुलं. दुपारी गाड्या विरळ, म्हणून एक चुकली तर पुढची किती वाजता, तोवर कुठे बसायचं, डबा आत्ता खायचा की गाडीत, हे सगळं त्यांचं ठरलेलं असतं. पवन मावळातली तर आणखी बिघडलेली: राब कधी भाजायचा, रोपं कधी टाकायची, पाऊस लांबला तर लावणी कशी पुढे ढकलायची, हे ती चुलत्याच्या बरोबरीने बोलतात. आदल्या सांजेला दप्तर भरून खुंटीला लावतात, कारण सकाळी गुरांचं बघायचं असतं. कौशल्यविकासाच्या शिबिराला यांना कुणी बोलावत नाही. गाडी लेट झाली म्हणून वर्गाबाहेर मात्र उभं करतात. आपल्या पाल्याने त्यांच्याकडून हे असलं काही उचललं तर आपल्याला घरात काम उरणार नाही.

शेवटचा मुद्दा रेल्वेचा. बोरघाटात १:३७चा चढ. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, गाडी ढकलत वर आणतात आणि लोणावळ्याला सुटतात. पुढे गाडी आपली आपण पुण्याला जाते. रेल्वेचा हा निष्काळजीपणा पालकांनी करू नये. चढ संपला, दहावी-बारावी झाली, तरी बँकर मागे हवाच: अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मला, कॉलेजच्या फीच्या रांगेत, इंटरव्ह्यूच्या गेटपर्यंत.

पद्धत साधली की नाही हे ओळखणं सोपं आहे. पाल्य चोवीस वर्षांचा होतो, हिंजवडीत नोकरीला लागतो, त्याच्या हाताखाली दोन माणसं असतात आणि भर मीटिंगमधून त्याचा फोन येतो, ‘आई, माझं पॅनकार्ड कुठंय गं?’ न चिडता लगेच सांगावं: कपाटात, खालच्या खणात, निळ्या फाइलमध्ये, दहावीच्या मार्कलिस्टखाली. फाइलचा रंग कधीही बदलू नये.